टीएफआरआरएस: कॉलेज धावपटूंच्या विक्रमांवर भांडण्याआधी ही वेबसाइट नीट वाचा

अमेरिकी कॉलेजांच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींवर वाद सुरू झाला की पुरावा म्हणून शेवटी एकाच वेबसाइटची लिंक पुढे केली जाते: ट्रॅक अँड फील्ड रिझल्ट्स रिपोर्टिंग सिस्टिम, म्हणजे टीएफआरआरएस. बोलताना तिला नुसतं ‘टिफर्स’ म्हणतात. ती फुकट आहे, निकाल बघायला खातं उघडावं लागत नाही, आणि एनसीएएच्या, म्हणजे अमेरिकी कॉलेजांच्या खेळांचं नियमन करणाऱ्या संस्थेच्या, राष्ट्रीय स्पर्धेसाठी कोण पात्र ठरलं हे इथल्या यादीवरूनच ठरतं. कोणी किती वेळात धावलं, एवढंच हवं असेल तर हिच्याइतकी भरवशाची दुसरी जागा नाही. कोण कोणापेक्षा मोठा, हे मात्र ही वेबसाइट सांगत नाही. लोक तिच्याकडून तेच वदवून घ्यायला जातात आणि तिथेच फसतात.

ताजं उदाहरण घेऊ. २९ मार्च २०२५ रोजी कॅलिफोर्नियातल्या सान हुआन कॅपिस्ट्रानो इथे ‘द टेन’ या स्पर्धेत १०,००० मीटरची शर्यत झाली. न्यू मेक्सिको विद्यापीठाचा इश्माएल किपकुरुई २६:५०.२१ मध्ये धावला आणि त्याच विद्यापीठाचा हबटोम सॅम्युएल २६:५१.०६ मध्ये. लिबर्टी विद्यापीठाच्या सॅम चेलांगाचा २०१० सालचा २७:०८ चा कॉलेज विक्रम दोघांनीही मोडला. भारतीय वाचकांना ही शर्यत वेगळ्या कारणाने आठवत असेल. गुलवीर सिंगने २७:००.२२ चा राष्ट्रीय विक्रम केला तो याच शर्यतीत.

टीएफआरआरएसवर किपकुरुई आणि सॅम्युएल यांची पानं आहेत, गुलवीरचं नाही. कारण साधं आहे. ही नोंदवही कॉलेजच्या खेळाडूंची आहे. व्यावसायिक धावपटूंबरोबरच्या शर्यतीचा निकाल कधी पूर्ण चढवलेला असतो, कधी त्यातल्या फक्त कॉलेज धावपटूंच्या ओळी असतात. बाकीच्यांची नावं दिसली तरी त्यांवर क्लिक करून काही उघडत नाही. म्हणून धावपटूसमोर कोण होतं, वेग कोणी ठरवला, शर्यत कितव्या फेरीला फुटली, हे कळायला स्पर्धेचा मूळ निकाल आणि व्हिडिओ वेगळा शोधावा लागतो. विक्रमावरच्या वादात निम्मं वजन याच माहितीला असतं.

आता पात्रता यादी कशासाठी बनवली आहे ते समजून घ्या, म्हणजे तिचे बरेचसे दोष आपोआप उलगडतात. पहिल्या विभागात, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, मैदानी हंगामात देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले जातात. प्रत्येक भागातून धावण्याच्या प्रत्येक वैयक्तिक प्रकारात पहिले ४८ प्राथमिक फेरीला जातात. तिथून बारा-बारा जण, म्हणजे एकूण २४, राष्ट्रीय स्पर्धेला पोचतात. इनडोअर, म्हणजे छताखालच्या, हंगामात प्राथमिक फेरी नसते. देशभरच्या यादीतले पहिले १६ थेट जातात. त्यामुळे यादीत खरी मारामारी चालते ती ४८ आणि १६ या रेघांवर. प्रशिक्षक सोळाव्या क्रमांकावर नजर ठेवून असतात. पहिल्या क्रमांकाच्या इतिहासात त्यांना रस नसतो. यादीची मांडणीही त्यांच्याच सोयीची आहे: हंगाम निवडा, विभाग निवडा, पुरुष की महिला ते निवडा, आणि हव्या त्या प्रकारावर उडी मारा. एका धावपटूची हंगामातली एकच, सर्वांत चांगली वेळ दिसते.

यातून होणारी पहिली चूक म्हणजे यादीतला पहिला क्रमांक म्हणजे ‘या वर्षीचा सर्वोत्तम’ असं समजणं. किपकुरुईचंच घ्या. मार्चमध्ये तो २६:५०.२१ धावला. जूनमध्ये ऑरेगनमधल्या युजीनला त्याने १०,००० मीटरचं एनसीएए अजिंक्यपद जिंकलं तेव्हा त्याची वेळ एकोणतीस मिनिटांच्याही पुढे होती. दोन मिनिटांहून जास्त फरक, आणि तरी दोन्ही शर्यती अव्वल दर्जाच्या. पहिलीत ठरलेला वेग धरून चालणारे पुढे होते. दुसरीत कोणालाच पुढे व्हायचं नव्हतं, सगळा हिशेब शेवटच्या काही फेऱ्यांवर होता. १५०० मीटरमध्ये तर हे आणखी ठळक दिसतं. २०२२ ते २०२५ अशी सलग चार वर्षं मैदानी अजिंक्यपद वॉशिंग्टन विद्यापीठाकडे गेलं: जो वॉस्कम, नेथन ग्रीन, पुन्हा वॉस्कम, पुन्हा ग्रीन. वेळेच्या यादीवरून अंदाज बांधणाऱ्यांना हे चार निकाल कधीच जमले नसते. तेव्हा प्रतिस्पर्धा मोजायची असेल तर यादी बंद करा आणि स्पर्धेचं पान उघडा.

आता धावपटूचं पान. वरच्या बाजूला प्रत्येक अंतराची कॉलेजमधली सर्वोत्तम वेळ, खाली स्पर्धांचे निकाल, नवीन आधी. एकाच अंतराच्या सगळ्या शर्यती एकाखाली एक बघायची सोय आहे, तीच सर्वांत कामाची. दोन धावपटूंची समोरासमोर तुलना करणारं बटण मात्र कुठेच नाही. वर्षानुवर्षं लोक ज्या एका गोष्टीसाठी इथे येतात तीच नसावी, हे जरा अजब आहे. दोन टॅबमध्ये दोन पानं उघडून, तारखा जुळवून, समाईक स्पर्धा हाताने काढाव्या लागतात. काढताना दोन पथ्यं पाळा. एक, दोघं एकाच शर्यतीत होते की वेगवेगळ्या हीटमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या वेळी धावणाऱ्या गटांत, हे स्पर्धेच्या पानावर तपासा. मोठ्या स्पर्धांत ५,००० मीटरच्या सात-आठ हीट असतात आणि निकाल वेळेनुसार एकत्र लावलेला असू शकतो. दुपारच्या उन्हात धावलेला आणि रात्री दिव्याखाली धावलेला एकमेकांशी ‘हरले-जिंकले’ नसतात. दोन, रिले वगळा. डिस्टन्स मेडले रिलेतल्या, म्हणजे चौघांनी वेगवेगळी अंतरं धावायच्या रिलेतल्या, टप्प्याची वेळ धावपटूच्या वैयक्तिक नोंदीत धरत नाहीत, आणि धरूही नये, कारण तिथे सुरुवात पळत्या पायाने होते.

नाव शोधताना एक त्रास होतो. केनिया, इरिट्रिया, इथिओपियाहून आलेल्या धावपटूंची नावं वेगवेगळ्या स्पेलिंगने चढतात, कधी आडनाव आधी, कधी नंतर. विद्यापीठ बदललेल्या खेळाडूचं जुनं पान नव्याशी जोडलं गेलेलं नसेल तर एकाच माणसाची दोन पानं दिसतात आणि निम्मी कारकीर्द गायब वाटते. उपाय असा: नावाने शोधू नका. विद्यापीठाच्या संघाचं पान उघडा, त्या वर्षीची खेळाडूंची यादी काढा आणि तिथून आत जा. कोणी ‘अनअटॅच्ड’, म्हणजे संघाविना, धावला असेल तर ती शर्यत बहुधा त्याच्या पानावर येतच नाही. पात्रतेचं वर्ष वाचवण्यासाठी ‘रेडशर्ट’ ठेवलेले खेळाडू पुष्कळदा असेच धावतात. एखाद्याचा अख्खा हंगाम कोरा दिसला की दुखापत होती असं लगेच लिहून मोकळे होऊ नका.

नावापुढे शैक्षणिक वर्ष दिलेलं असतं: पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. ते पात्रतेचं वर्ष आहे, वय नव्हे. कोविडमुळे बुडालेल्या हंगामाबद्दल एनसीएएने जादा वर्ष दिलं, त्यामुळे २०२० नंतरच्या चार-पाच वर्षांत हा रकाना आणखीच गोंधळाचा झाला. परदेशी खेळाडू वयाने मोठे असतात म्हणून त्यांना वेगळं मोजा, असा एक जुना वाद आहे. त्यात या रकान्याचा दाखला देणारे बरेच भेटतात. वय इथे कुठेच नोंदवलेलं नाही. जन्मतारीख हवी तर वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सच्या वेबसाइटवरचं त्या खेळाडूचं पान बघा.

आता सर्वांत जास्त भांडणं लावणारा भाग: रूपांतरित वेळा.

इनडोअर ट्रॅक सगळीकडे सारखे नसतात. कुठे २०० मीटरचा सपाट, कुठे २०० मीटरचा पण वळणावर बाहेरची बाजू उंच चढवलेला, कुठे ३०० मीटरचा, कुठे २०० हूनही छोटा. सपाट छोट्या ट्रॅकवर प्रत्येक वळणाला वेग मोडतो, चढवलेल्या वळणावर तो टिकतो. म्हणून पात्रतेसाठी ट्रॅकच्या प्रकारानुसार वेळा एका गुणकाने बदलून एकाच मापात आणतात. समुद्रसपाटीपासून ३,००० फुटांहून उंच ठिकाणी धावलेल्या लांब शर्यतींनाही अशीच सवलत मिळते, कारण विरळ हवेत प्राणवायू कमी पडतो. छोट्या शर्यतींना उलट थोडा दंड बसतो, कारण तिथे तीच विरळ हवा विरोध कमी करून मदत करते. ॲरिझोनातलं फ्लॅगस्टाफ सुमारे ७,००० फुटांवर आहे. नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाचा स्कायडोममधला ट्रॅक ३०० मीटरचा आहे. तिथल्या एकाच शर्यतीला उंचीचाही हिशेब लागतो आणि ट्रॅकच्या मापाचाही.

वेबसाइटवर याचा परिणाम असा: पात्रता यादीत दिसते ती रूपांतरित वेळ, आणि प्रत्यक्ष धावलेली वेळ स्पर्धेच्या पानावर. यादीत आकड्याला छोटी खूण जोडलेली असते, ती बघितल्याशिवाय आकडा उचलू नका. कोणी म्हणालं की अमुक धावपटूने फ्लॅगस्टाफला इतकी जबर वेळ दिली, तर आधी मूळ आकडा मागा. रूपांतरित वेळ पात्रतेसाठी ग्राह्य असते, विक्रमासाठी नाही. शिवाय हे गुणक कायमचे नसतात, एनसीएएची समिती ते वेळोवेळी बदलत आली आहे. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या हंगामातली रूपांतरित वेळ आणि आजची रूपांतरित वेळ शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे दोन वेगळ्या फुटपट्ट्या वापरणं. जुन्या-नव्याची तुलना करायची तर दोन्हीकडच्या मूळ वेळा घ्या आणि ट्रॅकचं नाव सोबत लिहा.

ट्रॅकचं नाव लिहायचंच, त्याचं मुख्य कारण बॉस्टन. बॉस्टन विद्यापीठाचा २०० मीटरचा, चढवलेल्या वळणांचा ट्रॅक लांब शर्यतींना इतका मानवतो की डिसेंबर ते फेब्रुवारी सगळा देश तिथे वेळ काढायला जातो. यादीत वरची पाच-दहा नावं घ्या आणि स्पर्धेच्या रकान्यात बघा, बॉस्टन पुन्हा पुन्हा दिसेल. नॉर्दर्न ॲरिझोनाचा निको यंग जानेवारी २०२४ मध्ये तिथे ५,००० मीटर १२:५७.१४ मध्ये धावला, तेरा मिनिटांच्या आत येणारा पहिला कॉलेज धावपटू. हार्वर्डचा ग्रॅहम ब्लँक्स डिसेंबर २०२४ मध्ये तिथेच १२:५९.८९. त्याच दिवशी तिथेच नॉर्थ कॅरोलायनाच्या दोघा सहकाऱ्यांनी ३,००० मीटरमध्ये ७:३०.१५ आणि ७:३०.२३ दिले: ईथन स्ट्रँड आणि पार्कर वुल्फ. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा तिथेच मैलाच्या शर्यतीत स्ट्रँड ३:४८.३२, व्हर्जिनियाचा गॅरी मार्टिन ३:४८.८२. आणि गुलवीरने इनडोअर ५,००० मीटर १२:५९.७७ मध्ये पूर्ण केलं तेही याच ट्रॅकवर, त्याच फेब्रुवारीत. ब्लँक्सपेक्षा सेकंदाच्या बारा शतांशांनी जलद. कॉलेजचे विद्यार्थी आज नेमके कुठे उभे आहेत याचा अंदाज आपल्या वाचकाला यायला हे एक माप पुरेसं आहे.

बॉस्टनच्या वेळा ‘खोट्या’ आहेत असं म्हणणारेही आहेत. ते काही पटत नाही. ट्रॅक नियमात बसणारा आहे, मोजलेला आहे, आणि सगळ्यांना खुला आहे. मात्र एका प्रकाराबद्दल सावध राहायला हवं: या स्पर्धांत वेग ठरवणारे भाड्याने आणलेले असतात, हीट वेळेनुसार बांधलेल्या असतात, आणि कोणालाही कोणाला हरवायचं नसतं, सगळ्यांना वेळ हवी असते. तिथे पुढे राहिलेला स्ट्रँड मार्टिनपेक्षा ‘अर्ध्या सेकंदाने चांगला’ असं त्या एका ओळीवरून ठरवू नये.

बुटांचा रकाना तर असूच शकत नाही, पण असता तर बरं झालं असतं. २०२० च्या आसपास नव्या फोमचे, आत प्लेट असलेले स्पाइक, म्हणजे खिळ्यांचे धावण्याचे बूट, बाजारात आले आणि याद्या वरपासून खालपर्यंत हलल्या. ऑरेगनचा एडवर्ड चेसेरेक २०१७ मध्ये बॉस्टनला इनडोअर मैल ३:५२.०१ मध्ये धावला, जुन्या धाटणीच्या स्पाइकमध्ये. २०२१ मध्ये ऑरेगनच्याच कूपर टिअरने ३:५०.३९ आणि कोल हॉकरने ३:५०.५५ दिले, एकाच शर्यतीत, आर्कान्साच्या ट्रॅकवर. यातला किती वाटा पायांचा आणि किती बुटांचा हे कोणी नेमकं सांगू शकत नाही. सांगतो म्हणणाऱ्याला आधी चाचणी कोणत्या बुटांवर, किती वेगाला, कितीजणांवर केली ते विचारा. व्यवहारात एक उपाय चालतो: वेळेऐवजी त्या हंगामाच्या यादीतला क्रमांक आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाशी असलेलं अंतर बघायचं. चेसेरेकसाठी हे माप वापरलं की तो लगेच वेगळा दिसतो.

क्रॉस कंट्रीच्या, म्हणजे ट्रॅकबाहेर मोकळ्या रानातल्या शर्यतींच्या, पानांवर आलं की वेबसाइट एकाच वेळी सर्वांत उपयोगी आणि सर्वांत धोकादायक होते. धावपटूच्या पानावर ‘६ कि.मी. सर्वोत्तम’ आणि ‘८ कि.मी. सर्वोत्तम’ अशा वेळा ट्रॅकच्या वेळांच्या शेजारी, त्याच तोऱ्यात उभ्या असतात. त्यांना काहीच अर्थ नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटरच्या चढउताराच्या मार्गावर नॉर्थ कॅरोलायना स्टेटची केटलिन टुओही १९:२७.७ मध्ये जिंकली आणि फ्लोरिडाची पार्कर व्हॅल्बी काही सेकंदांनी दुसरी आली. पुढच्या वर्षी व्हर्जिनियात शार्लट्सव्हिलला व्हॅल्बी १८:५५.२ मध्ये जिंकली, टुओही पाचवी. दोन विजयी वेळांत ३२.५ सेकंदांचा फरक. म्हणून २०२३ ची व्हॅल्बी २०२२ च्या टुओहीला अर्ध्या मिनिटाने मागे टाकेल का? मार्ग वेगळा, जमीन वेगळी, चढ वेगळे. एकाच दिवशी, एकाच मार्गावर, दोघी एकत्र धावल्या असतील तरच काही बोलता येतं. मार्गाची लांबीही नेमकी असेलच असं नाही. आठ किलोमीटर म्हणून नोंदवलेल्या काही स्पर्धा मुळात पाच मैलांच्या असतात. फरक पन्नासेक मीटरचाच, पण त्याने आठ-नऊ सेकंद जातात.

उपयोगी कुठे? गुणांमध्ये. प्रत्येक संघाचे सात धावतात, पहिल्या पाचांचे क्रमांक मिळवून संघाचे गुण होतात, कमी गुण तो पुढे. सहावा-सातवा गुण देत नाहीत, पण समोरच्या संघाच्या पाचव्याला एक-दोन क्रमांक खाली ढकलू शकतात. राष्ट्रीय स्पर्धेत ३१ संघ आणि ३८ स्वतंत्र धावपटू असतात. हे स्वतंत्र धावपटू गुणांच्या मोजणीत धरत नाहीत, म्हणून निकालात दोन वेगळे आकडे दिसतात: शर्यतीतला क्रमांक आणि गुणांचा क्रमांक. विसावा आलेल्याचे गुण चौदा असू शकतात. शर्यतीतले क्रमांक मिळवून ‘बेरीज चुकली आहे’ म्हणणारे दर नोव्हेंबरला सापडतात. दुसरा रकाना मिळवा, जमेल.

२०२२ च्या पुरुष गटात नॉर्दर्न ॲरिझोना आणि ओक्लाहोमा स्टेट या दोघांचेही ८३ गुण झाले. अजिंक्यपद नॉर्दर्न ॲरिझोनाला गेलं. टीएफआरआरएसच्या तक्त्यात ८३ आणि ८३ दिसतात, त्यामागचं कारण तिथे उलगडत नाही. ते हाताने काढायचं असं: एकाचा पहिला विरुद्ध दुसऱ्याचा पहिला, दुसरा विरुद्ध दुसरा, असं पाचव्यापर्यंत लावा. ज्याचे जास्त पुढे, तो जिंकला. नॉर्दर्न ॲरिझोनाचे तीन पुढे होते, ओक्लाहोमा स्टेटचे दोन. पुढच्या वर्षी महिलांमध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेटचे १२३ आणि नॉर्दर्न ॲरिझोनाचे १२४. एका गुणाने गेलेल्या अशा स्पर्धेचा तक्ता उघडून पाचव्या धावपटूंच्या ओळी बघणं, हा या वेबसाइटवर घालवलेला सर्वांत चांगला अर्धा तास असतो. जिंकणाऱ्याचं नाव सगळ्यांना पाठ असतं. स्पर्धा फिरते ती ऐंशीव्या क्रमांकाच्या आसपास, अंतिम रेषेच्या शेवटच्या पन्नास मीटरमध्ये.

वैयक्तिक प्रतिस्पर्धेसाठीही राष्ट्रीय क्रॉस कंट्रीचीच पानं बघावीत, कारण तिथे वेग ठरवणारे नसतात आणि पळवाटही नसते. ग्रॅहम ब्लँक्सने २०२३ आणि २०२४ अशी दोन्ही वर्षं जिंकली, आणि दोन्ही वेळा दुसरा होता हबटोम सॅम्युएल. २०२५ मध्ये ब्लँक्स व्यावसायिक झालेला होता आणि सॅम्युएल जिंकला. हे तीन निकाल ओळीने ठेवले की दोघांच्या ट्रॅकवरच्या वेळांपेक्षा बरंच जास्त कळतं.

आता इतिहास. इथे वेबसाइटला गुण द्यायला हात धजत नाही. तिच्या नोंदी साधारण २०१० च्या सुमारापासून पुढे सलग मिळतात. त्याआधीचं काही नाही. टेक्सास टेकच्या सॅली किपयेगोने २००६ ते २००८ सलग तीन राष्ट्रीय क्रॉस कंट्री जिंकल्या, त्या इथे शोधू नका. वॉशिंग्टन स्टेटच्या हेन्री रोनोने १९७८ मध्ये, विद्यार्थी असताना, ८१ दिवसांत चार जागतिक विक्रम केले: ५,००० मीटर, स्टीपलचेस (अडथळ्यांची ३,००० मीटर शर्यत), १०,००० मीटर आणि ३,००० मीटर. त्यातला स्टीपलचेसचा ८:०५.४ घ्या. बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेचा राष्ट्रीय विक्रम ८:०९.९१ आहे, २०२४ च्या पॅरिस डायमंड लीगमधला. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी, आजच्या मानाने साध्याच बुटांत, एका विद्यार्थ्याने दिलेली वेळ साबळेच्या सर्वोत्तम वेळेच्या चार सेकंद पुढे आहे. टीएफआरआरएसवरच्या हंगामी याद्या कितीही चाळल्या तरी हे माप तिथे दिसणार नाही. त्या ८:०५.४ मधला दशांशाचा एकच आकडाही वाचून घ्या: ती हातातल्या घड्याळाची वेळ आहे. जुन्या-नव्या वेळांची शतांशांपर्यंत तुलना करू नये.

वॉशिंग्टन स्टेटचा जेरी लिंडग्रेन आणि ऑरेगनचा स्टीव्ह प्रीफॉन्टेन यांच्यातली झुंज हा या खेळातला सर्वांत जुना न मिटलेला वाद. १९६९ मध्ये पॅसिफिक एट या पश्चिम किनाऱ्यावरच्या विद्यापीठांच्या गटाच्या क्रॉस कंट्रीत दोघं अक्षरशः खांद्याला खांदा लावून रेषेवर आले आणि पंचांनी विजय लिंडग्रेनला दिला. लिंडग्रेनची एनसीएए अजिंक्यपदं ११, चेसेरेकची १७. आकडे समोर ठेवून सतरा मोठे म्हणायचं असेल तर दोन गोष्टी आधी मांडा. लिंडग्रेनच्या काळात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एनसीएएत उतरता येत नसे, म्हणजे त्याला तीनच वर्षं मिळाली. आणि चेसेरेकच्या सतरांत डिस्टन्स मेडले रिलेची अजिंक्यपदंही आहेत, लिंडग्रेनची सगळी वैयक्तिक. क्रॉस कंट्रीच्या वेळा तर तुलनेत आणूच नका. पुरुषांची राष्ट्रीय शर्यत १९६५ ते १९७५ सहा मैलांची होती, १९७६ पासून १०,००० मीटरची. महिलांची १९९९ पर्यंत ५ कि.मी., २००० पासून ६ कि.मी. टीएफआरआरएस सातबाऱ्यासारखी आहे: नोंद मिळेल, भावकीच्या भांडणाची हकिगत मिळणार नाही. विक्रमांच्या अधिकृत यादीसाठी ट्रॅक आणि क्रॉस कंट्री प्रशिक्षकांच्या अमेरिकी संघटनेने ठेवलेली कॉलेज विक्रमांची यादी बघावी, आणि जुन्या अजिंक्यपदांसाठी एनसीएएच्याच विक्रमपुस्तिका.

चुका होतात का? होतात, आणि बहुतेक एकाच प्रकारे. निकाल वेबसाइट स्वतः घेत नाही. स्पर्धेचा वेळनोंदणी करणारा मीट मॅनेजरसारख्या सॉफ्टवेअरमधून फाइल काढतो आणि ती चढवली जाते. फाइल चढल्यावर पंचांनी कोणाला बाद केलं तर दुरुस्ती होईपर्यंत जुना निकाल दिसत राहतो. वेळ मोजणारी चिप दुसऱ्याच्या पायात गेली की वेळही दुसऱ्याच्या नावावर जाते. १०,००० मीटरमध्ये मागे पडलेल्या धावपटूची एक फेरी कमी मोजली गेली की तो एका मिनिटाहून जास्तने ‘सुधारतो’. एखाद्या पानावर अचानक अशी झेप दिसली तर त्याच धावपटूची आधीची आणि नंतरची शर्यत बघा. मधलीच एक वेळ सुटी उभी असेल तर संशय घ्या. शंका खरी असेल तर दुरुस्ती संघाच्या प्रशिक्षकामार्फत होते, प्रेक्षकाच्या मेलने क्वचितच.

शर्यत चालू असताना इथे काही दिसत नाही. थेट निकाल वेळनोंदणी कंपनीच्या वेगळ्या पानावर असतात, आणि फेरीनिहाय वेळाही बहुधा तिथेच सापडतात. ते पान काही महिन्यांनी बंद होऊ शकतं, म्हणून महत्त्वाच्या शर्यतीच्या फेरीनिहाय वेळा त्याच आठवड्यात उतरवून ठेवा. मोबाइलवर रुंद तक्ते आडवे सरकवावे लागतात, जाहिराती आहेत. संगणकावर बघणं सोयीचं.

अमेरिकेत स्थायिक मराठी घरांतली बरीच मुलं हायस्कूलला क्रॉस कंट्री धावतात आणि पालक कॉलेजच्या आधीच इथे येऊन मुलाचं नाव शोधतात. ते मिळणार नाही. हायस्कूलच्या वेळांसाठी अ‍ॅथलेटिक डॉट नेट किंवा माइलस्प्लिट. दुसऱ्यातला बराच मजकूर पैसे भरून वाचावा लागतो. टीएफआरआरएसचा पालकांना खरा उपयोग वेगळा आहे. ज्या कॉलेजचा विचार चालू आहे त्याच्या संघाचं पान उघडा, १,५०० आणि ५,००० मीटरमधली पाचव्या ते सातव्या धावपटूची वेळ बघा. पहिल्याची नको, तो अपवाद असतो. मग चार वर्षांपूर्वी दाखल झालेल्या मुलांची नावं घ्या आणि त्यांतली किती चौथ्या वर्षाच्या यादीत अजून आहेत ते मोजा. विद्यापीठ बदलून गेलेल्यांची नावं दुसऱ्या संघाच्या पानावर मिळतील. ज्या संघातल्या मुलांची पानं दुसऱ्या वर्षीच थांबतात त्या संघाबद्दल प्रशिक्षकाला थेट विचारा: दुखापती किती, आठवड्याला किती मैल, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना लगेच स्पर्धेत उतरवता की रेडशर्ट ठेवता.

वेळांच्या नोंदीसाठी पाचपैकी साडेचार, क्रॉस कंट्रीच्या गुणतक्त्यांसाठी चार, प्रतिस्पर्धा शोधण्यासाठी अडीच, इतिहासासाठी एक. पात्रता यादी बघायची असेल तर मैदानी हंगामात मे महिन्यात परिषदांच्या, म्हणजे विद्यापीठांच्या गटांच्या, स्पर्धा संपून प्राथमिक फेरीचे प्रवेश जाहीर होईपर्यंत थांबा. त्याआधी सत्तेचाळिसावा असलेला धावपटू आत आहे असं समजून चालू नका. शेवटच्या आठवड्याच्या वेळा चढतात तशी ती रेघ रोज वर सरकते, आणि वरच्या नावांपैकी कोणी माघार घेतली की पुन्हा खाली येते.